बोकडाने अंग झाडलं नाही

१२ एप्रिल २००६
घरी आलो. खारबावची हवा लागताच अर्धा बरा. ठाण्याच्या डॉक्टरांनी आतड्याचा सडका तुकडा कापून टाकला आणि दोन टोकं जोडली. आजाराचं नाव क्रोन्स. त्याआधी नऊ महिने टीबी समजून टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. असो. तुकडा गेला, आजार गेला.
डॉक्टर म्हणतात, असा जात नाही, जोडापाशी परत येऊ शकतो. गोळ्या चालू ठेवा, सिगारेट बंद, सहा महिन्यांनी दुर्बीण घालून बघू. डॉक्टर लोकांना असं बोलावंच लागतं. पेशंट कायमचा बरा झाला तर त्यांनी काय खायचं?
सिगारेट आजपासून बंद.

१३ एप्रिल
सिगारेट आजपासून बंद. कालची धरायची नाही, काल प्रवास होता.

२ मे
मला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा गोदूने, म्हणजे आमच्या हिने, गावदेवीला बोकड बोलला होता. मी ठणठणीत झालो की बोकड द्यायचा आणि गावाला जेवण. आज कल्याणच्या बाजारातून आणला. काळा, कपाळावर पांढरा ठिपका. मनालीने त्याचं नाव बंटी ठेवलं. ओरडलो. कापायच्या जनावराला नाव ठेवत नाहीत. मुलगी अकरावीला आहे, एवढी अक्कल नको?

९ जून
मोठा निर्णय. गोळ्या बंद.
कारण साधं आहे. नवस पुरा बरा झाल्यावर फेडायचा असतो. गोळ्या खाणारा माणूस बरा कसा? देवीला काय सांगायचं, अर्धं तू केलंस, अर्धं केमिस्टने? घरात बोललो नाही. बायका घाबरतात.

१८ जुलै
पोटात कळ. चार वेळा जावं लागलं. सुका बोंबील बाधला. बोंबील बंद.

२० जुलै
बोंबील न खाता कळ. म्हणजे टँकरचं पाणी.

११ ऑगस्ट
भिवंडीला दाऊदकडे गेलो. सुताचा व्यापारी, शाळेपासूनचा दोस्त. गोडाऊनमधल्या काट्यावर उभा राहिलो. पाच किलो कमी. म्हटलं काटा बिघडलाय. दाऊद म्हणाला, केसरी, काटा बराबर हाय, तूच बिघडलास, डाक्टरकडं जा ना यार. मित्र झाला तरी दुसऱ्याची तब्येत सुधारली की लोकांना बघवत नाही.
तिथे एक सिगारेट ओढली. दाऊदची होती, त्यामुळे माझी धरायची नाही.

१४ सप्टेंबर
मनाली सायबर कॅफेतून कागद छापून आणते. म्हणते, पप्पा, खूप जणांना जोडापाशी परत येतो, सिगारेटवाल्यांना जास्त. मी समजावलं, ते आकडे अमेरिकेचे. ती माणसं पाव खातात. आपण भाकरी.
दुर्बिणीची तारीख होती. गणपतीत दगदग झाली म्हणून नाही गेलो. दिवाळीनंतर नक्की.

८ ऑक्टोबर
खारबाव ते भिवंडी रस्त्यावर कुणाला हॉटेलं पाठ असतात, मला संडास पाठ आहेत. यात वाईट काही नाही. माहिती असावी.
बंटी (बोकड) चांगला भरलाय. गोदू स्वतः न जेवता त्याला चारते. पोटऱ्या बघाव्यात त्याच्या. माझी पँट मात्र सुतळीने बांधतो. पट्टा जुना झाला.

२५ ऑक्टोबर
तारीख जाहीर केली. पाच नोव्हेंबर, रविवार. मार्गशीर्षाच्या आत उरकलं पाहिजे. गोदू रडली. म्हणाली, तुमी बरं झालाव, मना अजून काय नको. तिच्याकडे बघवेना. उगाच बाहेर जाऊन बोकडाला पाला टाकला.
तारीख दिली की शरीर आपोआप ऐकतं. मनाचा खेळ आहे सगळा.

५ नोव्हेंबर
अख्खा गाव देवळापुढे. मी नवं शर्ट-पँट. सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं, म्हणजे काही निघणार नाही असा प्लॅन.
आमच्याकडे बोकडाच्या पाठीवर पाणी टाकतात. त्याने अंग झाडलं की देवीने घेतला. पाणी टाकलं. तो उभा. परत टाकलं. उभा. पाणी टाकणाऱ्या चिंधू पुजाऱ्याने अख्खी कळशी ओतली. बंटी माझ्याकडे बघत रवंथ करत होता. पोरं हसायला लागली.
पुतळाबाई, गावातली सगळ्यात म्हातारी, सगळ्यांदेखत म्हणाली, देवी घेत न्हाय रं. केसरी अजून बरा न्हाय.
मी म्हणणार होतो की पाणी कोमट होतं. तोंड उघडलं आणि कळ आली. अशी की मी देवळाच्या पायरीवर आडवा. नवी पँट गेली. गावासमोर.
गोदूने लुगड्याचा पदर माझ्यावर टाकला. घरी येऊन एवढंच विचारलं, गोल्या कवा सोडल्या? मी सांगितलं. ती पँट उचलून धुवायला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
गावाने वरणभात खाल्ला.

१९ जानेवारी २००७
ठाणे. दुर्बीण झाली. जोडापाशी परत आलाय, वाट अगदी अरुंद. सोमवारी परत ऑपरेशन. या वेळी कदाचित पोटावर संडासाची पिशवी.
डॉक्टर रागावले नाहीत. मी विचारलं, गोळ्या घेतल्या असत्या तर? म्हणाले, कदाचित उशिरा आला असता. या ऑपरेशननंतर? म्हणाले, तेव्हाही येऊ शकतो. मी विचारलं, मग कापता कशाला? म्हणाले, तुम्हाला जेवता यावं म्हणून. मी सहीसाठी पेन मागितलं.
गोदू पलंगाशी बसून होती. विचारलं, बोकडाचं काय करायचं? देवीला बोललेला, विकता येत नाही, सोडता येत नाही. आणि मी बरा झाल्याशिवाय कापता येत नाही. ती म्हणाली, मग ठेवू तुमी बरं होईपर्यंत.
मी म्हटलं, मनालीला सांग, थंडी आहे, त्याच्या अंगावर गोणपाट टाकत जा. बंटी म्हातारा होऊन मरणार.