साहेबांचे आभार

महाळुंगे,
४ ऑगस्ट २०२४

ती. स्व. मामांना, पायांवर डोकं ठेवून सुनेचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांकडे निरोप दिला तर गावभर बोभाटा होतो, म्हणून पत्रच लिहिते. वाचून घाबरू नका. ह्यांचा उजवा हात कंपनीत प्रेस मशीनखाली आला. आता धोका नाही, पण अंगठा सोडून चारही बोटं गेली. ओव्हरटाइम चालू होता, जरा दुर्लक्ष झालं असेल. कंपनीने लगेच गाडीत घालून दवाखान्यात नेलं, ऑपरेशनचंही त्यांनीच बघितलं. एचआरचे मोठे साहेब सफरचंदं घेऊन आले, दहा मिनिटं बसले.

डाव्या हाताने जेवायला शिकतायत. वरण अंगावर सांडलं की माझ्यावर चिडतात, जसं काही मीच ताट हलवलं. चिडतात तेच बरं, गप्प बसले की मला धडकी भरते. तुम्ही धावत येऊ नका, गुडघे सांभाळा. सुनेवर माया आहेच, ती तशीच ठेवा.

तुमची भांडखोर
विजयश्री


किनगाव, जि. लातूर,
१२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. विजयश्रीस मनापासून आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोन दिवस घास उतरला नाही. तोच हात धरून मी खंडूला अक्षर गिरवायला शिकवलं होतं.

पण मुली, अडचणीत जी माणसं उभी राहिली त्यांना विसरायचं नाही. तेहतीस वर्षं शाळेत कारकुनी केली, कुणी एवढंसं काम केलं तरी दोन ओळी लिहून आभार मानल्याशिवाय राहिलो नाही. तुम्हा पोरांना हे सुचायचं नाही, म्हणून मीच साहेबांना पत्र टाकलं. कंपनीच्या दिवाळीच्या मिठाईचं खोकं मी औषधं ठेवायला घेतलंय, त्यावर पत्ता होता. लिहिलं की चूक आमच्या मुलाची, त्याच्या निष्काळजीपणामुळे आपल्याला तसदी पडली, क्षमा असावी. आपण घरच्यासारखं सांभाळलंत, आम्ही जन्माचे ऋणी आहोत. आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं, कुठे खाडाखोड नाही. साहेब खूश होतील.

खंडूला जप, आणि या म्हाताऱ्याची आठवण असू दे.

दत्तोबा


महाळुंगे,
२१ सप्टेंबर २०२४

ती. स्व. मामांना नमस्कार.

आज मला गोड लिहिता येणार नाही, आधीच सांगते. तुमच्या पत्राची झेरॉक्स माझ्यासमोर आहे. कंपनीने ह्यांना चार्जशीट दिलंय, त्याला ती जोडली आहे. मशीनचा सेन्सर ह्यांनी स्वतः बंद केला असा आरोप आहे. हात मध्ये आला की मशीन थांबवतो तो सेन्सर. मामा, तो दोन महिने बंद होता. माल भराभर निघावा म्हणून सुपरवायझरनेच बंद करायला लावला, सगळ्या शिफ्टला माहीत आहे. पण बोलायला एकही पुढे येत नाही. प्रत्येकाच्या घरी चूल आहे. कंपनीकडे पुरावा नव्हता, तो तुम्ही सुवाच्य अक्षरात घरपोच दिलात.

दोष माझाही आहे. तुमचा जीव घाबरेल म्हणून मी खरं लिहिलं नाही, दुर्लक्ष झालं असेल म्हटलं. पण मला काय ठाऊक, तुम्ही ते उचलून साहेबांना कळवाल? ह्यांनी तुमचं अक्षर ओळखलं, वाचलं आणि घडी घालून ठेवलं.

चौकशी ५ ऑक्टोबरला आहे. आरोप सिद्ध झाला तर अकरा वर्षांची नोकरी जाईल, आणि असा हात घेऊन गेल्यावर दुसरीकडे कोण उभं करणार? तुम्ही या आणि सांगा, की तुम्ही काही पाहिलं नव्हतं, रीत म्हणून लिहिलं. जास्त बोलले असेन, पण माफी मागत नाही.

विजयश्री


किनगाव,
२७ सप्टेंबर २०२४

विजयश्रीस आशीर्वाद.

चूक आमचीच, हे वाक्य मी जन्मभर पत्रांत घालत आलो. हेडमास्तरांना लिहिलं, लग्नात मानपानावरून कुरबूर झाली तेव्हा तुझ्या माहेरी लिहिलं. समोरचा माणूस विरघळतो, एवढंच मला माहीत होतं. ४ तारखेला एसटीने पोचतो. तिथे आवाज चढवून सांगेन.

दत्तोबा


किनगाव,
९ ऑक्टोबर २०२४

चि. विजयश्रीस आशीर्वाद.

तू गेटबाहेर होतीस आणि खंडू सांगणार नाही, म्हणून आत काय झालं ते मीच लिहितो.

चौकशीच्या वकिलाने विचारलं, पत्र तुमचंच का. मी हो म्हणालो. मग मोठ्याने सांगितलं, की मी काही पाहिलं नव्हतं, आमची लिहायची रीतच ही आहे. त्याने शांतपणे विचारलं, की खोटं असेल तर कोणता बाप आपल्या मुलाचा दोष असा कागदावर लिहून देईल. नोकरी गेली, हे मला त्या खोलीतच कळलं.

तेवढ्यात एचआरच्या साहेबांनी मला पाणी दिलं, गुडघे दुखतात बघून खुर्चीतून उठायला हात दिला. आणि निघताना माझे हात आपोआप जोडले गेले. मी म्हणालो, तसदी दिली, आभारी आहे. बोलून गेल्यावर भानावर आलो. खंडू माझ्याकडेच बघत होता.

वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर त्यानेच मला गाडीत बसवलं. डाव्या हाताने पिशवी चढवली, खिडकीची जागा धरून दिली. मी वाट बघत होतो, आता बोलेल. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गाडी हलली तेव्हा खिडकीशी आला आणि मला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, की एवढ्या लांब आलात, आभारी आहे.

आपल्या घरात बापाला असं कुणी म्हणत नाही, विजयश्री. हे परक्याला म्हणतात.

शेवटी लोभ मागायची माझी सवय आहे. आज मला तो मागवत नाही.

दत्तोबा