तीन हजार दोनशे

११ तारीख, दुपार, लॅबमधून

चि. गुंड्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोलीत कुणालाच सोडत नाहीत, म्हणून लिहितेय. सिस्टर वाचून दाखवतील. ऐकताना मधूनमधून हुं म्हण, नाहीतर त्यांना वाटेल झोपलास.

तुझ्या वर्कशॉपला कुलूप लावलं. रंधा, पटाश्या पुसून ठेवल्या. ते बिनदारांचं कपाट तसंच उभं आहे. गिऱ्हाईक आलं होतं. म्हटलं, मालक सुटीवर आहेत. आईला साधा ताप सांगितलाय. तिने मान हलवली, पण जेवली नाही. बाकी ठीक.

ठीक काय, कपाळ माझं! पटाशीने अंगठा कापला म्हणून कुणी असं अंथरुणाला खिळतं का? शंभरदा लागलं असेल तुला, फुंकर मारून कामाला लागायचास.

डॉक्टर चक्रावलेत. आठ दिवसांपूर्वी पांढऱ्या पेशी तीन हजार दोनशे होत्या, आज सातशे कशा? हिपॅटायटिसने त्या कमी होतात, त्यावरच्या इंजेक्शनांनी आणखी उतरतात, पण इतक्या झपाट्याने नाही, म्हणाले. दुसरा आजार शोधायला उद्या सकाळी तुझ्या हाडात सुई घालणार आहेत.

दुसरा आजार नाही रे.

मागे तू लॅबच्या खिडकीशी येऊन म्हणालास, "ताई, पेशी कमी निघाल्या तर इंजेक्शनं बंद करतील. सोळा झाली, आठच राहिलीत. बघ ना काहीतरी, तू तर आतली बाई!" दोघंही हसलो. नंतर तुझं रक्त काचेवर घेतलं, चौदाशे भरल्या. पाच वेळा मोजल्या. बावीस वर्षं मोजतेय, माझा हात चुकत नाही. मग मी तीन हजार दोनशे लिहिलं आणि सही केली. पुढच्या दोन्ही तपासण्यांतही तेच. शेवटच्या वेळी धड हजारही नव्हत्या.

तू मस्करीत बोललास, लिहिलं मी. तुझं यकृत वाचवायला गेले आणि साधी जखम भरून येईना असं करून ठेवलं. डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि माघारी फिरले. नोकरी जाईल याचं काही नाही. तू माझ्याकडे कसं बघशील, याने पाय अडत होते. सकाळी काचेपलीकडून तू हात केलास, मला हात वर करता आला नाही.

सिस्टर, वाचताना अडखळला असाल. पुढचंही मोठ्याने वाचा, त्याला ऐकू द्या. मग ही चिठ्ठी त्याच्या फाइलला लावा, उद्याच्या सुईआधी. डॉक्टर माझी सही ओळखतात.

गुंड्या, आजच्या सातशेही मीच मोजल्यात. एकही वाढवली नाही.

तुझी,
ताई