दुनळीतली फट

८ नोव्हेंबर १९९८, रविवार
फट आहेच. तिसऱ्यांदा बघितलं. पुढचं लाकूड काढून बॅरल तिच्या खालच्या हुकाने फ्रेमवर अडकवली, ट्यूबलाइटसमोर धरली — दोन्हींच्या मधून उजेड दिसतो. हाताने हलवली की टकटकते. जुनी अमेरिकन दुनळी बंदूक, अजीजसाहेबांची. येत्या वीस तारखेला त्यांची मुलगी कुबरा नेमबाजीच्या क्लबात याच बंदुकीने नेम धरणार.
नूरुद्दीनभाई म्हणाले, "दौलत, हूक के नीचे शिम डालो, खलास." रास अल खोरच्या या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाचे मालक आहेत. पण शिम म्हणजे फटीत सारायची पत्र्याची पातळ पट्टी, टिकणार दहा-बारा बार. मग ढिली झाली तर बाराचा तापलेला गॅस फटीतून थेट डोळ्यावर. नाही म्हटलं.

९ नोव्हेंबर
बायकोचा, संजनाचा, गुहागरहून फोन. "घाला ना ती शिम. नोकरी सांभाळा." तिचंही खरं आहे. पण कुबरा गाल लाकडाला टेकवून उभी राहणार. मला ते दिसतं.

१० नोव्हेंबर
हूक झिजलेलाच नाही! मग फट कशी? बॅरल खालून रॉकेलने धुतली. नंबर निघाला. फ्रेमवर शेवटी ४७, बॅरलवर ४८. बॅरल दुसऱ्याच बंदुकीची.
अजीजसाहेबांना बोलावलं. भिंग धरून कितीतरी वेळ नंबर बघत होते. मग सांगितलं — १९६९ साली एका अमेरिकन इंजिनिअरकडून दोन सारख्या बंदुका घेतल्या, एक त्यांची, एक धाकट्या भावाची, सालेमची. शिकारीहून आल्यावर दोघे एकत्र बसून साफ करायचे. कधीतरी अदलाबदल झाली असणार.
म्हटलं, भावाला फोन करू या.
"ग्यारह साल से बात नहीं की." उठून गेले. चहा तसाच राहिला.

११ नोव्हेंबर
नूरुद्दीनभाई: शनिवारपर्यंत शिम नाही घातलीस, तर दुसरीकडे काम बघ.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
सुट्टी. शेअर टॅक्सीने खोर फक्कानला, सालेमसाहेबांच्या घरी. कागदावर दोन्ही नंबर लिहून नेले. सालेमसाहेबांनी कागद वाचला, आत गेले, आपली बंदूक घेऊन आले. फ्रेम ४८, बॅरल ४७.
"ये भी हिलती है," म्हणाले. "मैं समझा, पुरानी हो गई."
मग विचारलं, "अजीजने भेजा?"
नाही, मीच आलो, म्हटलं. चेहरा उतरला. दार लावून घेतलं.
खोटं बोलायला हवं होतं का? परतीच्या वाटेवर तेच डोक्यात.

१४ नोव्हेंबर
शिम घातली नाही. माझ्या कानशी पिशवीत भरल्या. नूरुद्दीनभाई बघत होते. "कल सुबह तक सोच लो," एवढंच म्हणाले.

१५ नोव्हेंबर
रास अल खोरला दुकान उघडायच्या आधीच सालेमसाहेब गाडी लावून बसलेले. मांडीवर लांब पेटी.
दोन्ही बंदुकांच्या बॅरलींची अदलाबदल केली. काजळी लावून दोन्ही तपासल्या. कडेपासून कडेपर्यंत सारखा डाग, म्हणजे फट कुठेच नाही. हलवून बघितल्या — गप्प. नूरुद्दीनभाईंनी स्वतः दोन्ही उजेडासमोर धरल्या. मग माझी पिशवी उचलून परत माझ्या टेबलावर ठेवली.
काम झालं तरी सालेमसाहेब उठेनात.

१५ नोव्हेंबर, दुपार
अजीजसाहेबांना फोन केला. बंदूक तयार आहे, म्हटलं. आणि भाऊ इथे बसलेत.

"उसको चाय पिलाओ," म्हणाले. "जाने मत देना. मैं आता हूँ."