बिननावाची पुडी

प्रिय सूनबाई,

तुझं पत्र येऊन तीन महिने होत आले. मिळालंच नाही असं सांगून पोस्टाच्या माथी खापर फोडावं, असं दोनदा मनात येऊन गेलं. दर रविवारी तुझा फोन येतो, तू 'कशा आहात' विचारतेस, मी 'बरी आहे' म्हणते, आणि मग दोघी पत्राचं नाव न काढता हवापाण्यावर घसरतो. तू विचारलं होतंस ते एका ओळीचं. त्या चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने तुला लग्नाचं विचारलंय, तुझंही मन आहे, पण 'अहो आई, तुम्ही नाही म्हणालात तर विषय तिथेच संपला.' वा गं वा! सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळी झालीस. हो म्हणायला जीभ रेटेना, नाही म्हणायला तोंड नाही. मग मी आपली खुरपं घेऊन वाफ्यावर पळाले. पालक पेरून झाला की लिहीन, वाटाण्याला काठ्या रोवल्या की लिहीन, असं करत अख्खा वसंत काढला. आज वाटाणा काढून संपला, आता सबब उरली नाही. थकलेही आहे. त्यामुळे पत्र जरा वेडंवाकडं होईल, चालवून घे.

तुझं आणि माझ्या लेकाचं ते वाफ्याचं वेड मला कधी पटलं नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे. घरापासून दहा पावलांवर भाजीचं दुकान, आणि ही जोडी रविवारी बस बदलून जाणार, त्या सार्वजनिक बागेतल्या खाटेएवढ्या तुकड्यावर दिवसभर ओणवी होणार आणि चार मुळे घेऊन घरभर चिखल करणार. त्या मुळ्यांना मी सोन्याचे मुळे म्हणायचे. तो हसायचा, तू गुपचूप फरशी पुसायचीस. तो गेल्यावर तू नोकरीसाठी परगावी गेलीस, आणि दोन वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही. मग या हिवाळ्यात बागेच्या चिटणीसबाईंची चिठ्ठी आली. वाफा तुझ्या नावावर आहे, वसंतात पेरला नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला देणार. ती चिठ्ठी आली आणि चारच दिवसांनी तुझं पत्र. मला वाटलं, सगळे मिळून माझ्या घरातून एकेक वस्तू उचलायला निघालेत. तुला न कळवता मी बसने तिकडे गेले आणि चिटणीसबाईंना सांगितलं, सून येईपर्यंत मी करते. अडुसष्टाव्या वर्षी ही खुमखुमी! आयुष्यभर शिंप्याच्या दुकानात काजं केली, तिथे निदान बसायला खुर्ची होती. इथे खाली बसलं की उठताना आधी गुडघे मोजायचे, मग बादलीला धरायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. नळ एकच, आणि झारी घेऊन माझ्यासारखे बावीस जण.

शेजारचा वाफा एका रिटायर झालेल्या कंडक्टरचा. त्यांना सगळे कंडक्टरभाऊच म्हणतात. चाळीस वर्षं बसमध्ये काढली, पण बस काही त्यांच्यातून उतरली नाही. दाट उगवलेल्या गाजरांना म्हणतात, पुढे सरका, पुढे जागा आहे! बी किती खोल टाकायचं, जास्तीची रोपं कशी उपटायची, हे त्यांनीच मला शिकवलं. पहिल्या दिवशी माझ्याने एकही रोप उपटवेना. ते म्हणाले, उभ्याने किती जणांना न्याल, कुणाला तरी उतरवावं लागतं. मी म्हटलं, तुम्ही उतरवा, मला नाही जमायचं.

आता पुडीचं सांगते. तुमची अवजारांची पत्र्याची पेटी मी उघडली, तर तळाशी वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी होती. तुझ्या सगळ्या पाकिटांवर नावं असतात, तारखासुद्धा. या पुडीवर काही नाही, म्हणजे ती त्याचीच. शाळेच्या वह्यांवरसुद्धा नाव घालायला विसरायचा, शिक्षक घरी विचारायला यायचे. आत काळं, बारीक बी होतं. मी ते नळाच्या बाजूला एका ओळीत पेरलं, थोडं पुडीतच ठेवलं, आणि कुणाला काही बोलले नाही. दहाव्या दिवशी उगवलं. काय सांगू तुला! बाकीच्या ओळी चाचरत होत्या आणि ही ओळ रुंद पानांनी नुसती तरारली. मी आधी तिला पाणी घालायचे, मग उरलेलं पालकाला. ऊन वाढलं तेव्हा माझी जुनी ओढणी काठ्यांवर बांधून सावली केली. लेकाने शेवटचं काहीतरी ठेवलंय आणि ते माझ्या हाताला लागलंय, तुझ्या नाही, याचासुद्धा आनंद झाला मला. लाज वाटते लिहिताना, पण झाला.

वाफ्यावर एकटं बसलं की नको ते आठवतं. तू आमच्याकडे येऊन पंधरा दिवस झाले होते. न्हाणीघरातला नळ तुटून हातात आला, पाण्याचा फवारा उडाला, आणि तू ओरडलीस, 'अगं आई, लवकर ये!' तुझ्या आईला मारतेस तशीच हाक. मी धावत आले, मुख्य कॉक बंद केला, दोघी नखशिखान्त भिजलो होतो. तू हसत होतीस. आणि मी, शहाणी, केसांतून पाणी ठिबकत असताना तुला म्हटलं, या घरात सासूला 'अहो आई' म्हणतात. तुझं हसू तिथेच विरलं. त्यानंतर नऊ वर्षांत तू एकदाही चुकली नाहीस. तुला वाटलं असेल मी विसरले. इस्पितळाच्या त्या हिरव्या भिंतीच्या बोळात डॉक्टर बाहेर आले आणि मान हलवून गेले, तेव्हा तू माझ्या गळ्यात पडलीस. आणि त्या घडीलाही तुझ्या तोंडून निघालं ते 'अहो आई'. माझा मुलगा गेला त्या क्षणी मला आधी काय टोचलं असेल, तर ते 'अहो'. इतकं पक्कं शिकवलं मी तुला.

तर ती ओळ. गेल्या मंगळवारी बागेच्या फाटकाबाहेर बसची वाट बघत उभी होते. सहज खाली बघितलं, तर गटाराच्या कडेला तीच रुंद पानं. पुढे भिंतीच्या फटीत तीच. विजेच्या खांबाच्या बुडाशी, कचऱ्याच्या डब्यामागे, सगळीकडे तीच! कुणी पेरलेलं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. बस आली तशी गेली. मी परत आत गेले आणि पुडीत उरलेलं बी कंडक्टरभाऊंच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते बोटाने सरकवून बघितलं आणि म्हणाले, कांद्याचं बी आहे हे. वर्षभरात त्याचा जीव जातो, तुम्ही पेरलंत तेव्हाच मेलेलं होतं. मी विचारलं, मग मी दोन महिने वाढवलं ते काय? त्यांनी टोपी काढून हातात घेतली. गवत! साधं रानगवत गं. आणि हे बागेत सगळ्यांना माहीत होतं. पेटीतली पुडी मी पेरली तेव्हा नळावर उभ्या असलेल्या चिटणीसबाईंनी पाहिलं होतं, पेटी लेकाची हे त्यांना ठाऊक होतं, त्या म्हणाल्या होत्या, कुणी काही बोलायचं नाही. गुडघ्यामुळे मी आले नाही त्या दोन दिवसांत कुणीतरी त्या गवताला पाणीसुद्धा घातलं होतं. मी भडकले. दोन महिने माझं हसं केलंत, म्हटलं. कंडक्टरभाऊ म्हणाले, बाई, तुमचा स्टॉप आल्याशिवाय मी घंटी कशी वाजवू?

पालथ्या बादलीवर बसून मी रडले. लेक गेला तेव्हा रडले नव्हते, तुला वाटलं असेल म्हातारी दगडाची आहे. दोन वर्षांचं तेव्हा निघालं. मग उठले आणि अख्खी ओळ उपटली. मुळं खोल गेली होती, कंडक्टरभाऊंना हात लावावा लागला. शेजारचा पालक बघितला, तर बोटभर वाढलेला आणि पिवळा पडलेला. त्याचं पाणी सगळं या ओळीने प्यायलेलं. आता कालपासून जरा मान वर काढतोय. खाण्यापुरता होईल.

बस झालं बागपुराण. मी तीन महिने गप्प का बसले ते सांगते, आणि हे लिहिल्यावर पुन्हा वाचणार नाही, लगेच टपालपेटीत टाकणार. त्याला विसरशील असं मला कधीच वाटलं नाही. मला भीती होती ती माझीच. ज्याने मला आई म्हणायचं, तो गेला. आता जगात मला आई म्हणणारी तू एकटी, आणि लग्न झालं की तू दुसऱ्या घरची. मग मी कुणाची कोण? म्हणून तुला टांगून ठेवलं. चुकलं माझं. लग्न कर. 'परवानगी' वगैरे पुन्हा लिहू नकोस, कुठल्या जन्मीची मी न्यायाधीश लागून गेले! त्या चष्मेवाल्याला एकदा घेऊन ये. घोरतो का, जेवताना बोलतो का, हे मला बघायचंय. माझाही चष्मा बदलायचा आहे, गवत आणि भाजी यातला फरक दिसेनासा झालाय. वाफ्याच्या कागदावर तुझी सहीसुद्धा लागणार आहे. तेव्हा या की दोघं, मी वाटाणे सोलून ठेवते. फक्त एक कर. तू यायचीस तेव्हा खाली जिन्यातूनच हाक मारायचीस, तशीच मार. पण ते 'अहो' सुनेचं होतं. सून तू आता राहणार नाहीस, मग 'अहो' कशाला? त्या दिवशी नळ तुटल्यावर मारली होतीस ना, ती हाक मार. या वेळी मी काही म्हणणार नाही.

तुझीच,
आई