अंगरख्याची उजवी बाही

कर्जत,
दि. ९ जानेवारी २०२५

चि. रेश्मा हिस,
ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. थंडी बरी आहे, ज्वारी हुरड्यात आली आहे. लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग पडलाय, मान दुखते. हर्षलराव बरे असतील. फोन केला असता, पण तू मध्येच बोलतेस आणि मग मी गप्प बसते. म्हणून लिहिते.

परवा तुमचे अमृत सर, नवं नाटक बसवताहेत त्याचं कापड घेऊन दुकानात आले होते. तुझं विचारलं, तर म्हणाले, "रेश्मा मॅडमनी नाटक सोडलं. भूमिका घेऊन घरी गेलो, तर म्हणाल्या, लोक हसले ते अजून कानात आहे."

मला वाटलं होतं, शाळेच्या कामातून तुला सवड होत नसेल.

त्या नाटकातला तुझा अंगरखा मी चार महिने शिवला. नवरा पडल्यावर गड लढवणारी किल्लेदारीण, तिच्या काळी कुठलं मशीन? म्हणून सगळी हातशिलाई. बारा कळ्यांचा घेर, छातीवर बांधायचे बंद. मापाला यायला तुला वेळ नव्हता. आपली अंगलट एकच, म्हणून दर खेपेला मीच घालून बघायची. पुरा झाला त्या दुपारी कमरेला शेला बांधून आरशासमोर उभी राहिले आणि किल्लेदारणीची वाक्यं म्हणायला लागले. तुझ्या तालमी फोनवर ऐकून पाठच झाली होती. लंकाबाई दारात कधी आल्या, कळलं नाही.

"शुभे, ह्ये काय सोंग? माझं पोलकं झालंय का न्हाई?"

अंगरखा काढला. पोलकं दिलं.

स्पर्धेच्या पहिल्या फेरीत तुला बक्षीस मिळालं. पेपरच्या बाईंनी विचारलं, पोशाख कुठला? तू म्हणालीस, "पुण्याहून शिवून आणला." मी तुझी पर्स धरून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. परतताना गाडीत म्हणालीस, "ताई, कर्जतच्या ब्लाउजवालीनं शिवला म्हटलं तर कुणी किंमत देत नाही गं. राग आला का?"

मी नाही म्हणाले.

दुसऱ्या फेरीआधी तू तो माझ्याकडे इस्त्रीला पाठवलास. मी उजव्या बाहीची बगलेपासून खांद्यापर्यंतची पक्की शिलाई उसवली आणि तिथं कच्चा धावदोरा घातला. रंग जुळवून, दिसू नये असा. तलवार उपसताना तू हात किती वर नेतेस, हे मला ठाऊक होतं.

त्या रात्री मीही प्रेक्षकांत होते. बाही कोपरापर्यंत लोंबली, आतला टी-शर्ट दिसला. मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळं नाट्यगृह हसलं. तू डाव्या हातानं बाही धरून प्रवेश पुरा केलास. नंतर मी विंगेत आले, तर माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "माझंच वजन वाढलंय ताई. तुझी शिलाई अशी जायची नाही." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुण्याच्या त्या वाक्याचा राग होता, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आई गेली तेव्हा शाळेच्या नाटकात मला मुख्य काम मिळालं होतं. ते सोडून मी घरी बसले, तुझे डबे करायला, वेण्या घालायला. तू लहान होतीस, तुझा काय दोष? पण तुला टाळ्या पडल्या की मीही टाळ्या वाजवायची आणि आत काहीतरी नासायचं. तो अंगरखा माझ्या अंगावर जास्त शोभला होता, असं मला अजून वाटतं.

अमृत सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा अर्धा ठेवला, आणलेलं कापड उचललं. "मॅडमना तुम्हीच कळवा," एवढंच म्हणाले. आता पुन्हा यायचे नाहीत.

तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. मीही तुला माफ केलेलं नाही. पण जे तू केलंच नाहीस, त्यासाठी नाटक सोडून घरात बसू नकोस.

संक्रांतीला येणार असशील तर आधी दुकानात ये. घरी अजून कुणाला माहीत नाही.

'तुझीच' असं लिहवत नाही,
शुभांगी