इस्त्रीचा दोष नव्हता

९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, स्वयंपाक तेवढा अजून करपतो. दादाचा गुडघा काय म्हणतो? छोटी रुसली की अजून पलंगाखाली जाऊन बसते का? अक्षराला हसू नका, सातवीत शाळा सोडलेल्याचं आहे.

आधी बातमी. दादाची डिस्क बोलली! तुम्ही स्वेटरच्या बाहीत गुंडाळून पाठवलीत, तीच. अकरा वर्षांचे भरतकामाचे नमुने, एकोणीसशे बारा होते, त्यातले एकोणीसशे पाच जसेच्या तसे मिळाले. गेलेल्या सातांत दादाचा तो तीन पायांचा कोंबडा आहे, म्हणजे तोटा काहीच नाही.

तिकडच्या तिघा दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले होते ना? इथंही सुरुवात तशीच. डिस्क जोडली की कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा आणि ढिम्म. काढली की टुणकन सुरू! मी चारदा चालू-बंद केलं, तर आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या बाईंनी हातावर फटका मारला. "अरे भिंगरी, आजाऱ्याला किती उठबशा काढायला लावशील? सुरू होताना कॉम्प्युटर प्रत्येक डिस्कला हाक मारतो. ही ओ देत नाही, म्हणून तो वाट बघत बसतो. आधी घर जागं होऊ दे, मग पाहुणा आत घे."

तसंच केलं. दुसऱ्या डिस्कवर कॉम्प्युटर सुरू केला, मग दादाची जोडली. दिसली! सहज येईल ते आधी उतरवून घेतलं, अडली तिथं सोडून पुढं गेलो, अडलेलं शेवटी पुन्हा चुचकारून काढलं. सकाळी नऊला बसलो तो दिवे लागेपर्यंत जागचा हललो नाही. मी! दादाला हे शपथेवर सांगा. बाई म्हणाल्या, "उद्यापासून मेलेल्या डिस्क सगळ्या तुझ्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कॉलर ताठ केली आणि मागं जाऊन तोंड धुऊन आलो.

त्या टाळ्या पचल्या नाहीत, वहिनी.

तुम्ही इस्त्री लावलीत, दिवा लुकलुकला आणि कॉम्प्युटर मेला, असं त्या दिवशी दादाला मीच सांगितलं होतं. दिवा लुकलुकला नव्हता. दादा म्हणाला, "तुझ्या बुडाला थारा नाही, भरतकामाच्या मशीनला शिवू नकोस." तो पाणी प्यायला आत गेला आणि मी मशीनच्या कॉम्प्युटरच्या चालू डब्याला लाथ घातली. आतून कर्र झालं. तो धावत आला तेव्हा तुमच्या हातात गरम इस्त्री होती. मी बोट दाखवलं.

मशीनवर चादर पडली. दादा दुसऱ्याच्या कारखान्यात गेला. तुम्ही इस्त्री कपाटावर टाकलीत आणि कपडे गादीखाली घालायला लागलात. नोकरी लागली म्हणून मी घर सोडलं नाही. ते गादीखालचे कपडे बघवत नव्हते.

नव्या डिस्कवर सगळं भरून पाठवतोय, दोन प्रती. एक मशीनला, एक कपाटात. चादर काढा. हे पत्र दादाला तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवा, लाथेपाशी आवाज बारीक करू नका. आधी त्यानं तुमच्याकडे बघावं. मग खुशाल माझ्यावर ओरडावं, फोन मी उचलेन.

आणि मशीन धडधडायला लागलं की त्याच प्लगला इस्त्री लावा. दादाच्या देखत.

तुमच्यावर आळ घेणारा आणि आज तो स्वतःवर घेणारा,
तुमचा दीर,
भिंगरी