परक्या वेताची किडनी

मंगळवार, संध्याकाळ. शहाड.

१. आमच्या प्रयोगशाळेत सरांनी आजारी डुकरिणीला किडनी द्यायला तिची सख्खी बहीण निवडलेली.
२. मी जनुकं तपासली. सख्खीची जुळली नाहीत, दुसऱ्याच डुकरिणीच्या वेतातल्या मादीची जुळली.
३. मी अडून बसले. तिचीच किडनी बसवली.
४. ती किडनी अजून नीट चालतेय.

आज सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आपला अंदाज बरोबर निघाला." आपला? आणि अंदाज?

आईला सांगितलं. ती म्हणाली, "सख्खे उपयोगी पडत नाहीत, हे कळायला मशीन कशाला गं? तुझा काका आहे की." हसले. मला अभिमान वाटतोय. इथे लिहायला हरकत नाही.

सरांना आत्ताच मेसेज केला: "तो अंदाज नव्हता, माझी तपासणी होती. शोधनिबंधात माझं नाव असेल का? कृपया शुक्रवारपर्यंत कळवा."